दुकानातल्या भिंतीवरचे इंद्रजाल : एका शाळेच्या समुद्र-प्रदर्शनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातली एक माध्यमिक शाळा. जुन्या पेठेतली, मुले बहुतेक दुकानदार, कारागीर आणि नोकरदार घरांतली. शाळेचे आणि माणसांचे नाव इथे दिलेले नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. मी त्या शाळेचा शिक्षक नाही. सुट्टीच्या दिवशी मुलांना पक्षी, झाडे, किडे दाखवणारा आमचा एक छोटा गट आहे. विज्ञानाच्या सरांनी बोलावले म्हणून मी या कामात शिरलो आणि शेवटपर्यंत राहिलो. जिथे चूक माझी आहे तिथे तसे लिहिले आहे.

या मुलांना जंगल नवे नव्हते. दाजीपूरला गवा पाहिलेला, रंकाळ्यावर हिवाळ्यात येणारी बदके माहीत. समुद्र मात्र सहलीपुरता: लाटा, वाळू, उंटावर फोटो आणि ताटातला बांगडा. खरे तर घाट उतरला की कोकण. मालवणचा किनारा १८१२ पर्यंत करवीरच्या छत्रपतींच्या ताब्यात होता, त्या वर्षीच्या तहात तो इंग्रजांकडे गेला. आजही आपल्या मंडईतली मासळी घाट चढूनच येते. इतके जवळचे नाते असून त्या पाण्यात कोण राहते याची मुलांना कल्पना नाही, हे सरांना खटकत होते.

म्हणून बेत ठरला. जानेवारीत दोन दिवस मालवण, आणि विज्ञान दिनाच्या आठवड्यात शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये ‘मालवणचा समुद्र’ हे प्रदर्शन.

मालवणातले दोन दिवस

प्रासंगिक करारावर एसटी घेतली आणि आदल्या दुपारी राधानगरी, फोंडा घाटमार्गे निघालो. ४२ मुले, तीन शिक्षक, आमच्या गटातले दोघे. तारीख ठरवताना शाळेच्या सोयीइतकीच तिथीही पाहिली. भरतीची वेळ काढायचा कोकणात जुना हिशेब आहे, तिथीचा आकडा पाऊणपट करायचा. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती पूर्ण होते, म्हणजे सकाळी सव्वासातच्या आगेमागे ओहोटी तळाला. पौर्णिमा नुकतीच झालेली, दिवस उधाणाचे. अशा वेळी पाणी जितके वर चढते तितकेच लांब ओसरते, आणि एरवी बुडालेले खडक तास-दीड तास उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत गेलो असतो तर निम्मेही दिसले नसते. मुलांना किनाऱ्यावर नेणाऱ्यांनी दुसरे काही नाही तरी एवढे पाहावे.

खडकांवर पोचलो तेव्हा नुकते उजाडत होते. पहिली दहा मिनिटे मुलांना काहीच दिसेना. ‘इथं नुसतं शेवाळ आहे,’ एकजण म्हणाला. तो ज्यावर उभा होता ते शेवाळ नव्हतेच. शर्टाच्या बटणाएवढी शेकडो तोंडे मिटून बसलेली, प्रवाळाच्या गणगोतातली वसाहत होती ती. पाणी असते तेव्हा ही तोंडे उघडतात आणि सगळा खडक फुलतो. त्याला हळूच बाजूला घेतले, आणि त्यानंतर मुले पाय टाकण्याआधी खाली बघू लागली. खळग्यात समुद्रफूल होते. बोटाची सावली पडताच ते मिटून गोळा झाले. खडकाला कालवे चिकटलेली, फटीत काळे समुद्री साळू, आणि ज्या शंखाला हात लावावा तो चालायला लागायचा, कारण आत खेकडा बिऱ्हाड करून असायचा. गुडघाभर पाण्यात प्रवाळाचा एक गोळा सापडला, परातीएवढा.

समोर सिंधुदुर्ग दिसत होता. किल्ल्याभोवतीचे पाणी म्हणजे मालवण सागरी अभयारण्याचा गाभा. हे अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८, सिंधुदुर्ग आणि शेजारचा पद्मगड त्यातच येतात. प्रवाळाला स्वच्छ, उबदार, उजेडाचे पाणी लागते आणि इथे तर पावसाळ्यात नद्यांचा गाळ येऊन समुद्र तांबडा होतो. तरीही तो इथे टिकून आहे. हे मुलांना सांगताना मला नेहमीच भरून येते.

प्रवाळ म्हणजे दगड नाही, झाडही नाही, एकमेकांना चिकटून राहणाऱ्या इवल्या प्राण्यांनी बांधलेले ते घर आहे, असे मी सांगत होतो. तेव्हा सातवीतली एक मुलगी जवळ आली. शांत पोरगी, वहीत चित्रे काढणारी.

‘सर, आमच्या दुकानात पण समुद्रातलं झाड आहे. काळं. फ्रेममध्ये. ते पण प्राणीच का?’

त्याच क्षणी दोन पोरे ओल्या खडकावरून घसरत होती, माझे लक्ष तिकडे. मी म्हणालो, ‘असेल बाळा. आण की प्रदर्शनाला, बघू.’

या प्रकरणातला पहिला निर्णय हा. तो निर्णय आहे हे मला सहा आठवड्यांनी कळले.

नाश्त्यानंतर दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढत होते. होडीने लांब वळसा घालून टाकलेले जाळे, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडे रांगा धरून ओढणारी माणसे. रापणकरांनी मुलांना दोर धरायला दिला. वर ब्राह्मणी घारी आणि कुरव घिरट्या घालत होते. जाळे वाळूवर आले तेव्हा पेडवे चांदीसारखे उसळत होते, मध्येच बांगडे, एक फुगून चेंडू झालेला केंड आणि तळाशी एक समुद्रसाप. समुद्रसाप विषारी. एका वयस्कर रापणकराने तो काठीने उचलून सावकाश पाण्यात सोडला. ‘तेका मारून काय गावतला?’ इतकेच म्हणाला. जाळ्यात कासव आले तर काय करता, असे मुलांनी विचारले. कधीकधी जाळे कापावे लागते, म्हणाला. जाळे कापून संरक्षित प्राणी सोडला तर राज्य सरकार मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते, २०१८ च्या अखेरीस सुरू झालेली योजना आहे. मुलांना ही गोष्ट फार आवडली. परतल्यावर सगळ्यात जास्त चित्रे तिचीच निघाली.

दुपारी कोळंबची खाडी. तिवर आणि चिपीची झाडे, चिखलातून वर आलेली त्यांची श्वासमुळे, आणि त्यांच्यामधून उड्या मारणाऱ्या निवट्या. मासा असून चिखलावर चालतो, हे पाहून मुले अर्धा तास हलली नाहीत. डॉल्फिन दुसऱ्या दिवशी होडीतून दिसले, लांबून, तीन पाठी.

परतताना फोंडा घाटात बसमध्ये आरडाओरडा झाला. एका मुलाच्या डब्यातून शंख चालत बाहेर आला होता. पिशव्या तपासल्या तर सोळा मुलांकडे शंख-शिंपले निघाले, त्यातल्या चारांत जिवंत खेकडे. अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीच उचलायचे नसते, हे आम्ही निघताना सांगितले होते, पण एकदाच आणि घाईत. मागे फिरणे शक्य नव्हते. मिठाच्या पाण्याच्या बादलीत ते खेकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जगले.

अडचण

प्रदर्शनाच्या आठवड्यात शाळेने वर्गावर्गांत सूचना वाचली: ‘घरी समुद्राशी संबंधित वस्तू असल्यास प्रदर्शनासाठी आणाव्यात.’ सूचनेचा मसुदा सरांचा, कल्पना माझी. हेतू असा की समुद्र कोल्हापुरातल्या घराघरांत कसा पोचला आहे हे मुलांना दिसावे.

तो दिसला. गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेच्या टेबलावर ३१ वस्तू जमल्या आणि सरांनी वहीत प्रत्येक वस्तू मुलाच्या नावासह नोंदवली. देव्हाऱ्यातले शंख, कवड्यांच्या माळा, गोमती चक्रे, पक्ष्याच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेस, शिंपल्यांचा आरसा, ‘मोती शंख’ म्हणून विकला जाणारा चकचकीत शंख, मत्स्यटाकीतला पांढऱ्या प्रवाळाचा तुकडा, काचेच्या बाटलीतला वाळलेला समुद्रघोडा. आणि ती फ्रेम.

मी दुपारी तीनला पोचलो. फ्रेम दोन फूट उंच, सोनेरी पट्टीची. आत लाल मखमलीवर काळी, जाळीसारखी पसरलेली फांदी, वर कोपऱ्यात ॐ. खाली छापील चिठ्ठी: ‘सिद्ध इंद्रजाल’. काच एका बाजूने सैल होती. भिंग लावून पाहिले. फांद्यांवर सुईच्या टोकाने टोचल्यासारखे बारीक खळगे होते, ओळीने. एकेका खळग्यात एकेक जीव राहत होता, आठ हातांचा, पाण्यातून वाहत येणारे कण टिपणारा. बुडाशी, जिथे ती खडकाला घट्ट चिकटून असते तिथे, दगडाचा कपचा तसाच होता आणि त्यावर एक इवलासा शिंपला. आणि त्या बुडाला दोन वेढे बसलेला हिरवा नायलॉनचा धागा. मासेमारीच्या जाळ्याचा.

म्हणजे तळावरून घासत जाणाऱ्या जाळ्याने ती उपटून आली होती, कुणीतरी वाळवली, रंगवली, मखमलीवर चिकटवली. वनस्पती असल्याचे सांगून इंद्रजाल या नावाने जे विकतात ते बहुतेक वेळा समुद्रपंखा, म्हणजे पंख्यासारखे पसरणारे प्रवाळ, किंवा काळे प्रवाळ असते. दोघांची वाढ अतिशय मंद. काळ्या प्रवाळाच्या काही जाती शेकडो वर्षे जगतात, हवाईजवळच्या खोल समुद्रातल्या एका जातीचे वय तर ४,००० वर्षांच्या वर निघाले आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समुद्रपंखे, काळे प्रवाळ आणि खडक बांधणारे सगळे प्रवाळ २००१ मध्ये आले. समुद्रघोडाही त्याच वर्षी यादीत आला. वाघ ज्या अनुसूचीत, त्याच अनुसूचीत ही ‘वनस्पती’. असा प्राणी किंवा त्याचा भाग विकणे, विकत घेणे, बाळगणे हा गुन्हा आहे आणि शिक्षा किमान ३ वर्षे, ७ वर्षांपर्यंत. वस्तू जुनी आहे, देवाची आहे, पैसे मोजून घेतली आहे, यातले कुठलेही कारण कायद्याला चालत नाही. जुना साठा जाहीर करायला २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती, ती केव्हाच सरली.

कायद्याचे कलम ३९ आणखी एक गोष्ट सांगते. असा वन्यजीव किंवा त्याची वस्तू सरकारची मालमत्ता असते, आणि ती ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवायचे असते. वस्तू आता शाळेच्या टेबलावर होती. शनिवारी सकाळी पालक येणार होते, आणि वहीत एका बारा वर्षांच्या मुलीचे नाव लिहिलेले होते.

समोरचे पर्याय

मोठ्या बाईंच्या खोलीत दार लावून बसलो. बाई, सर, एक ज्येष्ठ शिक्षिका आणि मी. पहिला अर्धा तास सगळे घाबरलेलेच होतो, आणि त्या घाबरण्यात जे सुचले तेही इथे लिहितो, कारण असा प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांनाही आधी हेच सुचेल.

पहिला विचार: फ्रेम गुपचूप घरी परत पाठवावी. शाळा मोकळी होईल. पण वस्तू काय आहे हे कळल्यावर परत देणे म्हणजे जाणूनबुजून गुन्ह्यात हात घालणे. शिवाय त्या घराला धोका तसाच राहणार, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसणार.

दुसरा विचार ज्येष्ठ शिक्षिकांचा. ‘पंचगंगेत सोडून द्या. देवाची वस्तू आहे, विसर्जन केलं म्हणून घरचे पण काही म्हणणार नाहीत.’ आपल्याकडे नको झालेल्या पवित्र वस्तूचा हा ठरलेला मार्ग, आणि त्या अगदी कळकळीने बोलत होत्या. सगळ्यांना तोच पटू लागला होता. मला त्याची दोन कारणांनी भीती वाटली. एक, पुरावा नष्ट केल्यासारखे होईल. दुसरे, ज्या मुलांना आपण जिवंत समुद्र दाखवून आणला त्यांच्यासमोर त्याचाच एक तुकडा लपवून नदीत टाकायचा, हे मनाला पटेना.

तिसरा पर्याय सरांचा: फ्रेम प्रदर्शनात ठेवायची आणि खाली मोठी पाटी, ‘ही विकत घेणे गुन्हा आहे’. शिकवणीच्या दृष्टीने जबरदस्त. पण ती पाटी कुणाच्या बापाबद्दल आहे हे अख्ख्या पेठेला दहा मिनिटांत कळले असते.

चौथा, शाळेने थेट वन विभागाला कळवायचे. नियमाला धरून हेच. बाईंचा कल याच्याकडे होता आणि तो चूक नव्हता. फक्त, आपल्या पोरीने शाळेत नेलेल्या वस्तूवरून दुकानात अधिकारी आले, हे त्या कुटुंबाला अधिकाऱ्यांच्या तोंडून कळले असते.

पाचवा असा की आधी घरच्यांना भेटायचे, सगळे समजावून सांगायचे, आणि त्यांनी स्वतः जाऊन वस्तू जमा करायची. शाळेने सोबत जायचे आणि शाळेचे पत्र द्यायचे. यात जोखीम वेळेची. ते तयार झाले नाहीत तर ४८ तास उलटणार. म्हणून बाईंनी अट घातली: शुक्रवारी रात्रीपर्यंत घरचे ‘हो’ म्हणाले तर ठीक, नाहीतर शनिवारी सकाळी शाळा एकटी जाईल, आणि हेही त्यांना आधीच सांगायचे. ही अट त्यावेळी मला कठोर वाटली होती. आज वाटते, तिच्यामुळेच बोलणे प्रामाणिक राहिले.

काय केले

फ्रेम कपाटात ठेवून कुलूप लावले, किल्ली बाईंकडे. तारीख, वेळ, वस्तूचे वर्णन आणि फोटो असा कागद करून चौघांनी सह्या केल्या.

शुक्रवारी संध्याकाळी सर आणि मी दुकानावर गेलो. पाण्याच्या टाक्या, नळ, पाइपचे दुकान. गल्ल्यामागच्या भिंतीवर खिळा आणि धुपाच्या धुराने काळवंडलेला चौकोन, मध्ये फ्रेमच्या मापाची स्वच्छ जागा. वडिलांनी चहा सांगितला. पोरीचे कौतुक करायला आलोय असे त्यांना वाटले असावे.

सरांनी सांगितले तसे त्यांचा चेहरा उतरला आणि मग ताठ झाला. ‘सर, मी काय चोरी केलिया का? जत्रंत उघड्यावर विकत हुता. अडीच हजार मोजल्यात. धंदा बसलावता तवा घेतलं, दुकान सावरलं त्याच्यानं.’

या वाक्याला उत्तर द्यायचा मोह झाला, तो मी आवरला. इंद्रजालाने दुकान सावरते की नाही हा त्या संध्याकाळचा प्रश्न नव्हता. मी माझ्या फोनमधला भिंगातून काढलेला फोटो दाखवला. खळगे, शिंपला, हिरवा धागा. ते बराच वेळ धाग्याकडे बघत राहिले. रोज नायलॉनची दोरी विकणारा माणूस. ‘हे तर जाळ्याचं हाय,’ म्हणाले. ‘आमाला झाडाची मुळी म्हणून सांगिटलं.’

मग भीती बाहेर आली: केस होणार का, दुकान बंद करतील का, पोरीचे नाव येणार का. आम्ही खोटा दिलासा दिला नाही. अधिकारी काय करतील ते आमच्या हातात नाही, पण आपण होऊन जाणे आणि सापडणे यात फरक पडतो, ओळखीच्या वकिलांना आज रात्रीच विचारा, आणि उद्या शाळा तुमच्याबरोबर असेल, एवढे सांगितले. बाईंची अटही सांगितली. ते गप्प झाले.

आतून आजी आल्या होत्या, सगळे ऐकत होत्या. गळ्यातल्या कवड्यांच्या माळेला हात लावून म्हणाल्या, ‘मग माझी माळ बी द्याची का रं?’

त्या माळेतल्या साध्या पिवळसर कवड्यांना कायद्याची आडकाठी नाही, तसे सांगितले. आजींना आणखी एक गोष्ट सांगितली. कवडी जिवंत असते तेव्हा तिचे मऊ अंग शंखाबाहेर येऊन दोन्ही बाजूंनी पाठीवर पांघरुणासारखे पसरते आणि ती पाठ सतत सारवत राहते, म्हणून कवडीला एवढी झिलई असते. आजींनी माळ डोळ्यांजवळ नेऊन एकेक कवडी पाहिली. ‘म्हंजी ही बी जित्ती हुती व्हय,’ म्हणाल्या, आणि पोराकडे वळून, ‘जाऊन दिऊन ये सकाळी. घरात नको.’

वडील रात्री दहाला फोनवर ‘हो’ म्हणाले.

शनिवारी अकराच्या आत वडील, त्यांचे वकील, सर आणि मी वन कार्यालयात होतो. शाळेचे पत्र, गुरुवारचा कागद आणि फ्रेम. अधिकाऱ्यांनी पंचनामा केला, जबाब घेतला, कुठल्या जत्रेत, कुणाकडून, केव्हा हे सविस्तर विचारले. दोन तास लागले. वडिलांच्या हातातला पाण्याचा पेला शेवटपर्यंत थरथरत होता.

परिणाम

त्या कुटुंबावर पुढे कारवाई झाली नाही. याचा अर्थ आपण होऊन वस्तू दिली की कायद्याचे अभय मिळते, असा कुणीही काढू नये. तो निर्णय त्या त्या अधिकाऱ्यांचा आणि त्या त्या वस्तुस्थितीचा असतो.

प्रदर्शन तासभर उशिरा सुरू झाले. जाळे कापून कासव सोडण्याच्या चित्रांपुढे गर्दी होती, निवट्यांच्या मातीच्या खाडीपुढे त्याहून जास्त. इंद्रजालाच्या जागी आम्ही नुसता तक्ता लावला: समुद्रपंखा कसा वाढतो, कुठल्या नावांनी विकला जातो, ओळखायचा कसा. कुणाच्या घरचा उल्लेख नव्हता. तरीही त्या दिवशी पाच पालकांनी हळूच बाजूला घेऊन विचारले, ‘आमच्याकडं पण आहे, काय करायचं?’ त्यांतले दोघे पुढे वन कार्यालयात जाऊन आले. तिघांचे पुढे कळले नाही.

प्रवाळाचा तुकडा आणि समुद्रघोडा मात्र गेले. गुरुवारी शाळा सुटताना, फ्रेमच्या गोंधळात आम्ही खोलीत बसलेलो असताना, दोन मुलांनी आपापल्या वस्तू उचलून घरी नेल्या. वहीत नोंद होती, टेबल रिकामे. घरी विचारले तेव्हा दोन्हीकडून एकच उत्तर आले, तुटले, टाकून दिले. शाळेने वहीतल्या नोंदीसह तेही वन कार्यालयाला कळवले.

ती मुलगी शनिवारी आपल्या तक्त्याजवळ उभी राहिली नाही. निवट्यांच्या टेबलाशी होती, दिवसभर. सोमवारी तिने सरांना विचारले, ‘मी आणलं नसतं तर पप्पांना जावं लागलं नसतं ना?’ सरांनी तिला खरे काय ते सांगितले: आणायला मोठ्यांनी सांगितले होते, चूक मोठ्यांची. मीही पुढच्या शनिवारी भेटून तेच सांगितले आणि तिची माफी मागितली. ती ‘हं’ म्हणाली. तिला पूर्ण पटले असे मला वाटत नाही.

निर्णयाच्या जागा, आणि पुन्हा करायचे झाले तर

सगळ्यात मोठी चूक खडकावर झाली. मुलीने नेमका प्रश्न विचारला होता, काळे, समुद्रातले, फ्रेममधले. इंद्रजालाबद्दल मी आधी वाचलेले होते. दोन मिनिटे थांबून ‘त्याचा फोटो काढून दाखव’ म्हणालो असतो तर पुढचे सगळे शांतपणे, सहा आठवडे हाताशी ठेवून, त्या घराशी बोलून करता आले असते. घसरणाऱ्या पोरांकडे बघणे चूक नव्हते. नंतर संध्याकाळी मुक्कामावर तिला परत गाठले नाही, ही चूक.

दुसरी जागा फोंडा घाटातली. डब्यातून शंख चालत आला तेव्हाच कळायला हवे होते की ‘काही उचलू नका’ हे मुलांच्या कानावर पडले, मनात उतरले नाही. मुलाला जे आवडते ते तो बरोबर घेतो. बघायला नेले की न्यायला आवडणार, हे धरूनच बेत करायला हवा. पुढच्या वर्षी आम्ही खडकावर जाण्याआधी अर्धा तास वाळूवर बसून फक्त रिकामे शंख हाताळू दिले, आत कोण राहते ते दाखवले, आणि खडकावरून परतताना रांगेत उभे करून पिशव्या तिथेच, किनाऱ्यावर उघडायला लावल्या. तीन शंख निघाले, तिन्ही मुलांनी स्वतः जाऊन पाण्याच्या कडेला ठेवले.

सूचनेबद्दल तर काय लिहावे. ‘समुद्राशी संबंधित वस्तू आणा’ हे वाक्य लिहिताना आम्ही चार जाणती माणसे होतो आणि एकालाही शंका आली नाही. शंख-शिंपल्यांतही सगळे सारखे नसतात. पूजेचा नेहमीचा शंख आणि साधी कवडी वेगळी. महाशिंपला, नॉटिलस आणि काही मोठे शंख संरक्षित आहेत. मोती शंखासारखी घासून चकचकीत केलेली वस्तू कुठल्या जातीची हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे तज्ज्ञालाही अवघड जाते. त्यात १ एप्रिल २०२३ पासून अनुसूच्यांची मांडणी बदलली आहे, तेव्हा जुन्या यादीवर विसंबू नये.

गुरुवारी टेबलापाशी कुणीतरी थांबायला हवे होते. एका वस्तूसाठी चौघे खोलीत बसलो आणि दोन हातच्या गेल्या.

आणि ४८ तासांबद्दल. फ्रेम काय आहे हे ओळखल्यापासून मोजले तर आम्ही ४४ व्या तासाला पोचलो. गुरुवारीच बाईंनी वन कार्यालयाला फोन करून, नाव न घेता, अशी वस्तू शाळेत आली आहे आणि आम्ही ती घेऊन येत आहोत, एवढे तोंडी सांगून ठेवले असते तर शुक्रवारची संध्याकाळ इतकी ताणाची गेली नसती. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. तोही आम्हाला नंतर आठवला. पाचवा पर्याय मी आजही निवडेन, पण या फोनसकट.

एका गोष्टीवर सरांचे आणि माझे अजून एकमत नाही. त्यांच्या मते तक्त्याबरोबर त्या फ्रेमचा भिंगातला फोटो लावायला हवा होता, हिरव्या धाग्याचा, नाव न देता. पालकांनी तो धागा पाहिला असता तर पाचांऐवजी पंधरा आले असते. मी तेव्हा नको म्हणालो, कारण ती मुलगी तो फोटो लांबूनही ओळखेल. यंदा फोटो लावायचा का, हे तिलाच विचारायचे ठरवले आहे. ती आता नववीत आहे, आणि यंदाच्या मालवण सहलीच्या यादीत तिने स्वतः नाव घातले आहे.